पाटीवरचे अठ्ठ्याऐंशी

कॉलेजची बस उताराला लागली तेव्हा भौतिकशास्त्राच्या बाई पुढच्या सीटवर बसून प्रयोगवह्या तपासत होत्या. ही त्यांची वीस वर्षांची सवय. स्टाफरूममध्ये गप्पा फार, घरी कामं फार, म्हणून वह्या बसमध्ये. विद्यार्थी त्यांना मागून 'दशांशबाई' म्हणत, कारण दशांशचिन्हानंतरचा एक आकडा चुकला तरी त्या अर्धा मार्क कापत आणि समासात लिहीत, 'एवढी कसली घाई?'

"बाई, वर बघा," ड्रायव्हर म्हणाला. "आपल्या बसचं विमान झालं."

बाईंनी मान वर केली. रस्त्याच्या कडेला खांबावर वेग मोजायचं यंत्र होतं आणि त्याच्याखाली काळ्या पाटीवर लाल आकडे लुकलुकत होते. अठ्ठ्याऐंशी. बस चालली होती पंचेचाळीसच्या आसपास. बाईंच्या हातातल्या पेनाची रेघसुद्धा हलत नव्हती.

"बिघडलंय वाटतं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वहीत शिरल्या.

दोन आठवड्यांनी ड्रायव्हरला नोटीस आली. साठची मर्यादा असलेल्या रस्त्यावर अठ्ठ्याऐंशीचा वेग, तोही विद्यार्थी बसमध्ये असताना. वर आणखी एक आरोप होता. त्या बसला साठच्या पुढे जाऊच न देणारं यंत्र बसवलेलं होतं. ती अठ्ठ्याऐंशीने धावली म्हणजे ड्रायव्हरने ते यंत्र खोललं असलं पाहिजे. त्याचा परवाना काढून घेतला, कॉलेजने त्याला घरी बसवलं. सव्वीस वर्षं चाकामागे बसलेला माणूस प्रयोगशाळेच्या दाराशी टोपी हातात धरून उभा राहिला.

"बाई, तुम्ही होतात ना तिथे? तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं, दादा. मी लिहून देते."

त्यांनी लिहून दिलं. वाहतूक खात्याकडून उत्तर आलं की सदर साक्षीदार त्याच संस्थेतली असल्याने म्हणणं विचारात घेता येत नाही. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पंचवीस वर्षं त्या मुलांना शिकवत होत्या की माप कुणी घेतलं हे बघू नका, कसं घेतलं ते बघा. आणि इथे एक माणूस सही ठोकून सांगत होता की तुम्ही कुठल्या बसमध्ये बसता त्यावर तुमचं खरंखोटं ठरेल.

रविवारी नणंद जेवायला आली. ती कायद्याच्या कॉलेजात शिकवायची. दोघींचं गूळपीठ होतं असं कुणी म्हणालं नसतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नणंदेने वहिनीच्या एका वाक्यावर तीन हरकती काढल्या होत्या आणि वहिनीने नणंदेच्या एका विधानाला पुरावा मागितला होता. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर बाईंचा नवरा दोघींच्या मधे बसायचा.

"तुझ्या साक्षीला काडीची किंमत नाही, वहिनी," नणंद म्हणाली. "कलम वाचलंस का? यंत्राने दाखवलेला आकडा खरा मानला जाईल. खोटा आहे हे ज्याचं त्याने सिद्ध करायचं."

"यंत्र त्यांचं, खांब त्यांचा, नोंदी त्यांच्याकडे. आणि सिद्ध त्या ड्रायव्हरने करायचं?"

"हो."

"हे लिहिलं कुणी?"

"ते मामाला विचार. माझा विषय कलमापासून सुरू होतो. ते कलम कुठून आलं हा मामाचा विषय."

मामा म्हणजे नणंदेचे आणि बाईंच्या नवऱ्याचे सख्खे मामा. राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर त्यांनी सभागृहाच्या कामकाजाचे जाडजूड खंड वाचले होते. कुठल्या सालात कोण बोलता बोलता खोकला हेही मामा सांगतील, असं घरात म्हणत. बाईंनी फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चार दिवस दे."

त्या चार दिवसांत बाईंनी यंत्राच्या नोंदी मागवण्याचा अर्ज केला. नोंदी यायला दोन महिने लागले, पण आल्या. एका सत्राएवढ्या काळात त्या खांबाने पकडलेली सगळी वाहनं, नंबर आणि वेगासह. बाईंनी वाहनांचे प्रकार वेगळे केले आणि आलेख काढला. मोटारींचा आलेख अपेक्षेसारखा होता: साठच्या जरा वर भरपूर, मग कमी कमी होत गेलेला. ट्रक, टँकर आणि बसचा आलेख मात्र विचित्र होता. साठ ते पंच्याहत्तरमध्ये जवळजवळ कुणीच नाही आणि ऐंशी ते शहाण्णवमध्ये एकेचाळीस वाहनांचा पुंजका. जणू मोठी गाडी चालवणारी माणसं एकतर कायदा पाळतात नाहीतर एकदम पिसाळतात, मधलं काही नाहीच.

बाई त्या आलेखासमोर बराच वेळ बसल्या. मग त्यांनी प्रत्येक आकड्याला दोनाने भागलं. चाळीस ते अठ्ठेचाळीस. उतारावर मोठी गाडी ज्या वेगाने सहज चालते, नेमका तोच.

दुसऱ्या दिवशी बाई त्या जागी गेल्या तेव्हा कारण समोर उभंच होतं. यंत्राच्या खांबाला लागून कुणीतरी भलामोठा पत्र्याचा दिशाफलक उभारला होता. यंत्र लहरी सोडतं, त्या गाडीवर आपटून परत येतात, आणि येताना गाडीचा वेग घेऊन येतात. पण उंच, सपाट तोंडाची गाडी नेमक्या कोनात आली की काही लहरी यंत्राकडे न जाता फलकावर आपटत, तिथून पुन्हा गाडीवर, आणि मग यंत्राकडे. गाडीवर दोनदा आपटल्या म्हणून वेग दोनदा मोजला जाई. चौदा वर्षांच्या मुलाला कळेल इतकं सोपं होतं.

"मग सांग ना त्यांना," नवरा म्हणाला.

"सांगून होत नाही. मोजावं लागतं."

त्यानंतरचे नऊ रविवार नणंद-भावजय त्या उतारावर उभ्या राहिल्या. रस्त्यावर आखलेल्या दोन पट्ट्यांमधलं अंतर बाईंनी टेपने तीनदा मोजलं. नणंद मोबाइलवर चित्रीकरण करायची, बाई गाडीला पट्ट्या ओलांडायला लागलेला वेळ लिहायच्या आणि पाटीवरचा आकडा त्याच्या शेजारी. उन्हाने नणंदेची मान भाजून निघाली. चौथ्या रविवारी ती वैतागली.

"वहिनी, अजून किती? माझ्या विषयात दोन चांगले निकाल सापडले की लेख होतो."

"माझ्यात नाही होत."

"म्हणून तुमच्या लेखांना वाचक नसतात."

"आणि तुमच्यांत चुका असतात."

पण पाचव्या रविवारी नणंद छत्री आणि दोन खुर्च्या घेऊन हजर होती. सहाशे चाळीस मोठ्या गाड्या मोजून झाल्या. त्यांतल्या चार गाड्या पाटीवर दुप्पट वेगाने पळाल्या. ओझ्याने वाकलेला एक ट्रक तर अक्षरशः कण्हत चालला होता आणि पाटीने त्याला चौऱ्याऐंशी दिले.

एक गोष्ट राहिली. फलक झाकून पुन्हा मोजलं असतं तर शंकेला जागाच उरली नसती. बाईंनी रीतसर अर्ज केला: एका रविवारी, फक्त एक तास, फलकावर जाड गोधड्या टाकायची परवानगी मिळावी. अर्जाला पोच मिळाली. उत्तर मिळालं नाही.

मामांनी चार दिवस मागितले होते, घेतले दोन महिने, पण ते रिकाम्या हाताने आले नाहीत. ते कलम सभागृहात अकरा मिनिटांत मंजूर झालं होतं. एका सभासदाने विचारलं होतं, "यंत्र चुकलं तर?" मंत्र्यांनी सांगितलं होतं की एक तज्ज्ञ समिती यंत्रांची जागेवर तपासणी करेल.

"मग समितीचा अहवाल?" नणंदेने विचारलं.

"तोच शोधत होतो इतके दिवस," मामा म्हणाले. "अहवाल नाही, कारण बैठक नाही. बैठक नाही, कारण समिती नेमलीच नाही. मी त्या खात्याच्या तीन सचिवांचे कागद उलथेपालथे केले."

ड्रायव्हरने केलेल्या अपिलाच्या पहिल्या सुनावणीला तिघंही गेली. अपील ऐकणारा अधिकारी सभ्य होता. त्याने आलेख नीट पाहिला, दोन प्रश्नही विचारले. ड्रायव्हर आशेने त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"हे कुठे छापून आलंय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"छापून? अजून नाही," बाई म्हणाल्या. "आत्ताच पूर्ण झालंय."

"मान्यताप्राप्त नियतकालिकात छापून आणा. नाहीतर उद्या कुणीही वही घेऊन येईल. मी पुढची तारीख देतो."

बाहेर आल्यावर ड्रायव्हरने विचारलं, "छापायला किती दिवस लागतात, बाई?"

"तीनचार महिने," बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना तसं वाटत होतं.

तिघांनी मिळून एकच लेख लिहिला. लहरी, कलम आणि अकरा मिनिटं. भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाने नऊ आठवड्यांनी कळवलं की मापनं काळजीपूर्वक घेतली आहेत, मात्र यात नवं भौतिकशास्त्र नाही. कायद्याच्या नियतकालिकाला विषय महत्त्वाचा वाटला, पण समीकरणं वाचकांना झेपणार नाहीत, ती काढावीत. समीकरणं काढली तर उरतं काय, असं बाईंनी उलट विचारलं. उत्तर आलं की मग लेख परत घ्यावा. राज्यशास्त्राच्या नियतकालिकाने सात महिने लेख दाबून ठेवला आणि शेवटी दोन ओळी लिहिल्या: उदाहरण एकच आहे, आणि ते एका खांबाचं आहे.

"एकाच खांबाचं!" मामा ओरडले. "अरे, माणूसही एकच अडकलाय ना त्या खांबाला!"

"एकेचाळीस," बाईंनी दुरुस्त केलं.

नवऱ्याने ताटात बघत शांतपणे म्हटलं, "तिघांनी मिळून मूल जन्माला घातलंत, आता त्याला एकाही शाळेत प्रवेश नाही."

ड्रायव्हर दर महिन्याला प्रयोगशाळेत यायचा. आधी खुर्चीवर बसून चौकशी करायचा, मग दारातूनच मान हलवून विचारायचा, आणि बाई मान हलवून नाही म्हणायच्या. आता तो एका गोदामात खोकी मोजायचं काम करत होता. एकदा तो म्हणाला, "बाई, राग नका मानू. तुमचं छापून येईपर्यंत मी निवृत्त होईन." तो गेल्यावर त्यांनी मुलांच्या तीन वह्यांवर नको तितकी लाल शाई ओतली आणि चौथी मिटून ठेवली. आपला राग या पोरांवर नाही, हे त्यांना कळत होतं.

मग एक आंतरशाखीय नियतकालिक सापडलं. त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की ज्ञानाच्या भिंती आम्हांला मान्य नाहीत. बाईंना बरं वाटलं. तिथे पाच महिन्यांनी दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिला म्हणत होता, लेख तसाच छापावा. दुसऱ्याने एकच मागणी केली होती: त्याच जागी, फलक झाकून, पुन्हा मापनं घ्यावीत. मुदत सहा आठवडे.

"बघ, मी म्हणत होते ना," बाई नणंदेला म्हणाल्या. त्यांना त्या अनोळखी परीक्षकाचा राग आला नाही. उलट पहिल्यांदाच कुणीतरी लेख खरोखर वाचला होता. त्यांनी परवानगीची वाट न बघायचं ठरवलं. गोधड्या, दोर, शिडी असं सगळं मोटारीत घालून नणंद-भावजय रविवारी उतारावर पोचल्या.

फलक नव्हता. खांबही नव्हता. जिथे खांब होता तिथे सिमेंटचा ताजा, गोल, गुळगुळीत ठिपका होता.

नणंद शिडी हातात धरून उभी राहिली. बाईंनी त्या ठिपक्यावर बूट घासून बघितला. सिमेंट पक्कं होतं.

सोमवारी त्या रस्ते खात्यात गेल्या. खिडकीमागच्या कारकुनाने फाइल काढली, पानं उलटली.

"यंत्र देखभालीसाठी हलवलंय."

"कुठे?"

"ते यात नाही."

"आणि फलक?"

"फलक रस्तारुंदीकरणात गेला."

"रस्ता रुंद झालेला नाही. मी काल तिथेच होते."

कारकुनाने पुन्हा फाइल बघितली. "होणार आहे," तो म्हणाला. मग त्याला काहीतरी आठवलं. "बाई, फलक झाकायचा अर्ज तुमचाच ना? त्याचं उत्तर निघालंय. हे घ्या, टपालखर्च वाचला."

कागदावर लिहिलं होतं की सदर फलक अस्तित्वात नसल्याने तो झाकण्याची परवानगी देता येत नाही. बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांना हसावं की किंचाळावं कळेना. शेवटी त्यांनी कागदाची तारीख तपासली, कारण काहीतरी तपासल्याशिवाय त्यांना राहवेना.

त्यांनी संपादकाला सगळं खरं कळवलं, ते उत्तरही जोडलं आणि प्रयोगशाळेत तशीच मांडणी उभारून घेतलेली मापनं पाठवली. संपादकाने विचार करू म्हटलं. पुन्हा महिने गेले. अपिलाची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली. आणि एक दिवस संपादकाचं पत्र आलं: आमच्या संगणकीय तपासणीत लेखाचा अडतीस टक्के भाग आधीच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या लेखाशी जुळतो. ही उचलेगिरी असल्याने लेख नाकारण्यात येत आहे.

उचलेगिरी! दशांशबाईंवर! त्यांनी तो दुसरा लेख उघडला. एका मासिकात दोन महिन्यांपूर्वी छापलेला. शीर्षक होतं 'अकरा मिनिटांचं कलम'. खाली मामांचं नाव.

मामा त्याच दिवशी संध्याकाळी चहाला आले होते. बाईंनी त्यांच्यासमोर पत्र ठेवलं. मामांनी चष्मा लावला, वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसले.

"मामा, तुम्ही निदान सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले."

"म्हणूनच नाही सांगितलं." मग त्यांचा आवाज चढला. "अगं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुरू केलं, आता शहात्तरावं संपत आलं. तुमच्या परीक्षकांना सवड होईपर्यंत मी काय करू? तो मासिकवाला म्हणाला, पुढच्याच अंकात घेतो. मला वाटलं, निदान माझा तुकडा तरी लोकांपर्यंत जाऊ दे. कुणीतरी वाचेल, ओरडेल."

"ओरडलं का कुणी?"

मामांनी चष्मा परत डोळ्यांवर ठेवला. मग म्हणाले, "एका वाचकाचं पत्र आलं. त्याने शुद्धलेखनाची चूक दाखवली आहे."

दुसरी वेळ असती तर बाई हसल्या असत्या. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि मामा चहा तसाच टाकून निघून गेले. नणंदेने दोघांनाही फोन केले, दोघांनाही समजावलं, दोघांकडूनही ऐकून घेतलं. पाच आठवडे मामा त्या घरी फिरकले नाहीत. मग एका सकाळी ते हातात टाइप केलेलं पत्र घेऊन आले. संपादकाला लिहिलेलं: चोर मी आणि ज्याचं चोरलं तोही मीच, सबब माझं नाव वगळून लेख घ्यावा.

"नाव वगळून काय होणार, मामा? वाक्यं तुमचीच राहणार," बाई म्हणाल्या. पण त्यांनी खुर्ची ओढून दिली, आणि मामा बसले.

नणंदेने पत्रात दोन हरकती काढून ते पाठवलं. यंत्राने पाठवल्यासारखं तेच उत्तर परत आलं.

शेवटच्या सुनावणीला त्यांच्याकडे छापलेलं काहीच नव्हतं. अधिकारी बदलला होता. नव्याला मागचं काही ठाऊक नव्हतं. बाईंनी आलेख पुढे केला तर तो म्हणाला, "थांबा, आधी कागद बघू." नोंदींच्या गठ्ठ्यातून काढून नणंदेने मुद्दाम वरच ठेवलेला यंत्राच्या वार्षिक तपासणीचा दाखला त्याने उचलला. बाईंच्या लेखात या दाखल्याला एक ओळही नव्हती. त्यांना तो बिनमहत्त्वाचा वाटला होता.

"यावर तपासणाऱ्याची सही नाही," अधिकारी म्हणाला.

"नाही," नणंद शांतपणे म्हणाली.

दहा मिनिटांत निकाल झाला. दाखला अवैध, म्हणून नोंद अवैध, म्हणून परवाना परत. कॉलेजला त्याला कामावर घ्यावं लागेल. शेवटची ओळ अधिकाऱ्याने सांगून लिहवून घेतली: यंत्राच्या अचूकतेबद्दल आम्ही कोणतंही मत व्यक्त करत नाही.

ड्रायव्हर नणंदेच्या पाया पडायला वाकला, तिने त्याला अर्ध्यातच धरलं. मग तो बाईंकडे वळला.

"बाई, मी सुटलो. तुम्ही का तोंड पाडून बसलात?"

"दादा, तुम्ही एका राहिलेल्या सहीने सुटलात," बाई म्हणाल्या. "यंत्र चुकलं हे अजूनही कुणी म्हटलेलं नाही."

"मला काय करायचंय त्याच्याशी?"

"तुम्हाला नाही. पण उरलेले चाळीस जण आहेत. त्यांना कुणी सांगितलंच नाही."

ड्रायव्हर जरा वेळ टोपी फिरवत उभा राहिला. "त्यांचे पत्ते नाहीत तुमच्याकडे?"

"गाड्यांचे नंबर आहेत. नावं-पत्ते द्यायला खातं तयार नाही."

"नंबर आहेत ना?" तो म्हणाला. "मग द्या इकडे. पत्ते कशाला लागतात? माल चढवतात तिथे उभा राहिलो तर आठवड्यात निम्मे सापडतील."

नणंद घाईने म्हणाली, "वहिनी, ही यादी अशी हातात—"

"यादी मी माझ्या अर्जाने मिळवली आहे," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून तो घड्या पडलेला कागद काढून त्याला दिला.

निम्मे सापडले नाहीत. दोन महिन्यांत चौदा सापडले. काहींनी गाडी सोडली होती, एक आजारी होता, दोघांनी सरळ सांगितलं की झालं ते झालं, आता पुन्हा त्या कचेऱ्यांची पायरी चढायची नाही. उरलेल्यांसाठी मामांनी अर्ज लिहिले, नणंदेने तपासले. तो बिनसहीचा दाखला एकाच वर्षाचा होता आणि अपिलाची मुदत बहुतेकांची उलटून गेली होती. तिघांना परवाने परत मिळाले. बाकीच्यांना कळवण्यात आलं की यंत्राने दाखवलेला आकडा खरा मानला जाईल.

लेख पाचव्या नियतकालिकाकडे गेला. तिथून पोच आली.

ड्रायव्हरने आणलेला शेवटचा माणूस पाण्याच्या टँकरवर होता. पन्नाशीचा, धिप्पाड, कमी बोलणारा. तो मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत आला आणि स्टुलावर अवघडून बसला. बाईंनी त्याला यादी दाखवली. त्याच्या नंबरासमोर ब्याण्णव लिहिलं होतं. मग त्यांनी टेबलावर रबरी चेंडू घेतला, एका विद्यार्थ्याची पेटी गाडी म्हणून सरकवली, भिंतीला फलक केलं आणि चेंडू कसा दोनदा आपटतो ते दाखवलं. तो टक लावून बघत होता.

"म्हणजे मी शेहेचाळीसने चाललो होतो?"

"शेहेचाळीसच्या आसपास. अर्ध्या किलोमीटरचा फरक असू शकतो."

"मी हेच सांगत होतो," तो म्हणाला. "सगळ्यांना."

बाईंनी त्याला अर्जाबद्दल सांगायला सुरुवात केली. मुदत संपली आहे, पण उशीर माफ करायची विनंती करता येईल, हमी नाही. त्याचं लक्ष नव्हतं. तो खिशातून फोन काढत होता.

"बाई, एक काम कराल? हे माझ्या बायकोला सांगाल? मी सांगितलं तर तिला वाटेल परत बनवतोय. तेव्हा मुलगी माझ्या शेजारी बसली होती टँकरमध्ये. बायको म्हणाली, पोरगी बाजूला असताना असा चालवतोस? अडीच वर्षं झाली, ती पोरीला माझ्याबरोबर कुठे पाठवत नाही."

त्याने फोन लावून बाईंच्या हातात दिला. पलीकडून त्याच्या बायकोचा आवाज आला, मागे नळाचं पाणी वाहत होतं.

बाईंनी स्वतःची ओळख सांगितली. मग लहरी, फलक, दुप्पट आकडा, सगळं शक्य तितकं सोपं करून सांगितलं. पलीकडे नळ बंद झाला.

"म्हणजे ते हळू चालवत होते?"

"हो."

"नक्की?"

"नक्की," बाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी पुढे काही जोडलं नाही.

टँकरवाला भिंतीकडे बघत होता.

"तुम्हाला हे कधी कळलं?" आवाज आला.

"मला? दोन वर्षं होऊन गेली."

"मग दोन वर्षं काय करत होतात तुम्ही? मला आज सांगताय?"

बाईंच्या ओठांवर सगळं आलं. नऊ रविवार, पाच नियतकालिकं, परीक्षक, अडतीस टक्के, तो गोल सिमेंटचा ठिपका. पण त्यांतलं एकही या बाईला उत्तर म्हणून देता येण्यासारखं नव्हतं.

"छापून येईल म्हणून थांबले," त्या म्हणाल्या. "थांबायला नको होतं."

पलीकडून ती म्हणाली, "द्या त्यांच्याकडे फोन."

बाईंनी फोन दिला. टँकरवाला तो कानाला लावून दाराबाहेर गेला आणि व्हरांड्यात पाठमोरा उभा राहून हळू आवाजात बोलू लागला. बाईंनी चेंडू खणात ठेवला, पेटी तिच्या जागी सरकवली आणि अर्जाचा कोरा कागद पुढे ओढून त्यावर तारीख घातली.